कॉफीच्या मशीनला फाउंडेशन

कॉफीचं एक मशीन निवडायला इतका वैताग असतो हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी सरळ चहाची टपरी विकत घेऊन दारात उभी केली असती. अख्खी हयात मी मशीनं घेण्यात आणि विकण्यात घालवली. माग घेतले, सुताच्या कांड्या भरायचं मशीन घेतलं, टॉवेलच्या गाठी बांधायचा प्रेस घेतला. कुठलंही मशीन घ्यायला मला एका दुपारपेक्षा जास्त वेळ लागला नाही. आणि हे घरात कॉफी करायचं, मिक्सरपेक्षा थोडंसं मोठं डबडं. त्यानं माझा सगळा उन्हाळा खाल्ला.

मी रेवणप्पा. सोलापूरच्या भवानी पेठेत राहतो. घराच्या मागं शेड आहे, तिथं माझे आठ माग चालायचे. सूत महागलं, कामाला माणूस मिळंना, शेवटी माग विकून टाकले. आता शेड रिकामी आहे आणि मीही रिकामाच आहे. बायको गिरिजा, माहेर अक्कलकोटकडचं. तिला राग आला की ती कन्नडमध्ये बोलते, आणि माझ्याशी लग्न झाल्यापासून तिचं कन्नड लई सुधारलंय. लेक एकच, सिद्धेश्वरी. घरात सिद्धू.

सिद्धू बेंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीनंतर गिरिजाचा गुडघा बदलला तेव्हा ती पंधरा दिवस म्हणून आली आणि राहिली. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली होती. वरच्या खोलीत कानाला ते हेडफोन लावून दिवसभर इंग्रजीत बोलायची, जेवायला खाली यायची. गुडघा बरा झाला, गिरिजा जिना चढायला लागली, पार सिद्धरामेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाऊन यायला लागली, तरी सिद्धू जायचं नाव काढंना. मीही काढलं नाही.

मला ती जायला नको होती. यात लपवायचं काय? ती तिकडं होती तेवढी वर्षं आमचं घर दिवेलागणीलाच गप्प व्हायचं. गिरिजा एका खोलीत, मी एका खोलीत, मध्ये टीव्ही एकटाच बोलतोय. ती आल्यापासून जेवायला तिघं बसत होतो. शेंगाचटणीत तेल किती घ्यायचं यावरून भांडणं होत होती. मला बरं वाटत होतं. गिरिजा म्हणायची, "तिला विचारा तरी, पुढचं काय ठरवलंय." मी म्हणायचो, "कशाला विचारायचं? विचारलं की ती उत्तर देणार."

अशात एक दिवस सकाळी मी पूजा आटपून, कपाळाला विभूती लावून स्वयंपाकघरात आलो, तर सिद्धू ओट्याला टेकून पितळी फिल्टरची कॉफी पीत होती. तोंड वाकडं करून म्हणाली, "अप्पा, मी एक एस्प्रेसो मशीन घ्यावं म्हणते."

एस्प्रेसो म्हणजे काय ते मला काही ठाऊक नव्हतं. मशीन मात्र ठाऊक होतं. आमच्या गल्लीत कुणी नवीन माग घेतला की आम्ही समजायचो, हा आता कामधंद्याला सुरतला जात नाही. जाणारं माणूस भाड्यानं घेतं, उसनं घेतं, कसंतरी भागवतं. मशीन विकत घेणारं माणूस राहणारं असतंय. मला इतका आनंद झाला की मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. "तू तुझं काम बघ," मी म्हणलो, "मशीन माझ्याकडं लागलं." ती म्हणाली, "अहो अप्पा, ऐका तरी." पण मी चप्पल घालून बाहेर पडलोसुद्धा.

मशीन म्हणलं की आधी फाउंडेशन. हे ज्याला कळत नाही त्यानं धंदा करू नये. फाउंडेशन नसलं की माग जागचा हलतो, हलला की धागा तुटतो, आणि धागा तुटला की मालक बसला डोक्याला हात लावून. म्हणून मी बिरुदेव गवंड्याला बोलावलं. खिडकीच्या बाजूला, जिथं गिरिजाची पिठाची डबे-पिंपं होती, तिथं कट्टा घालायला लावला. विटांचा, वरून ग्रॅनाइट, खाली रबरी शीट. वायरमनकडून वेगळी लाइन ओढून घेतली, मोठा प्लग, वेगळं अर्थिंग. पाणी जायला मोरीपर्यंत पाइप. चार दिवस घरात सिमेंट उडत होतं. गिरिजा नवीन गुडघा सांभाळत वाळूच्या घमेल्यांमधून वाट काढत होती आणि माझ्या घराण्याचा कन्नडमध्ये उद्धार करत होती.

सिद्धू वरून पाणी प्यायला आली आणि दारातच थांबली.

"अप्पा, हे काय?"

"फाउंडेशन."

"कॉफीच्या मशीनला?"

"मशीनला," मी म्हणलो. "कॉफीचं असो नाहीतर तोफेचं."

ती हसायला लागली. इतकी हसली की जिन्याच्या पायरीवर बसली, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. बिरुदेवपण हसला. मग तिचं हसू एकदम थांबलं. कट्ट्याकडं बघत म्हणाली, "एवढं कशाला केलं तुम्ही?" मी म्हणलो, "त्यात काय एवढं." मला वाटलं पोरीला भरून आलंय.

मग खरेदी. आमच्या धंद्यात मशीन घ्यायला एकटं जात नाहीत. तीन माणसं लागतात. एक पैसे देणारा, एक मशीनचा आवाज ऐकणारा, आणि एक बाजूला उभा राहून "यात काही दम नाही" म्हणत राहणारा, म्हणजे विकणारा भाव खाली आणतो. पैसे देणारा मी. आवाज ऐकायला सिद्धू, कारण मशीन तिचं. आणि नावं ठेवायला मकदूम. मकदूम माझा जुना दोस्त, त्याचा टेम्पो आहे. माझा टॉवेल गावोगाव त्यानंच पोचवला आणि नावं ठेवण्यात त्याचा हात धरणारा सोलापुरात कुणी नाही. शुक्रवार होता, तो नमाज पढून तसाच पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत आला.

सात रस्त्याच्या पुढं एक मोठं शोरूम आहे. तिथं काचेच्या कपाटात ही मशीनं मांडून ठेवलेली. सेल्समन बार सांगायला लागला. याचं प्रेशर इतके बार, त्याचं तितके बार. मी म्हणलो, "बार राहू दे. चालवून दाखव." तो म्हणाला, चालवून दाखवत नाहीत. आता बोला. चालवल्याशिवाय मशीन घ्यायचं म्हणजे पोरगी न बघता लग्न ठरवायचं. मी म्हणलो, "पाणी मी आणलंय, कॉफी मी आणलीय, प्लग तुझा. लाव." आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि घरची फिल्टर कॉफीची पूड काढली.

सिद्धू माझ्या कानाशी लागली. "अप्पा, ही पूड नाही चालत. हिच्यात चिकोरी आहे. चिकोरी फुगते."

"कॉफीच्या मशीनला कॉफी चालत नाही?"

"ही नाही चालत."

"मग ते कसलं मशीन?"

सेल्समनला शेवटी गिऱ्हाईक घालवायचं नव्हतं. त्यानं मशीन लावलं. मी माझ्या हातानं पूड भरली, चांगली दाबून भरली, टॉवेलच्या गाठी बांधताना दाबतात तशी. बटण दाबलं. घरघर सुरू झाली. खाली कप ठेवलेला, त्यात थेंब पडंना. घरघर वाढली. मकदूम जवळ येऊन वाकून बघायला लागला आणि म्हणाला, "क्या दम नहीं इसमें, रेवणप्पा." तेवढ्यात सेल्समननं घाबरून तो पूड भरलेला दांडा वळवून बाहेर ओढला. आत कोंडलेलं सगळं एकदम सुटलं. काळा चिखल मकदूमच्या छातीपासून टोपीपर्यंत. नशीब, भाजला नाही. सेल्समन माफी मागतोय, मी सेल्समनला झापतोय, मकदूम नुसता उभा आहे, आणि सिद्धू काउंटरला धरून हसतेय. दुकानातली सगळी माणसं बघत होती.

"घेऊ का हेच?" मी तिला विचारलं. दम होता मशीनमध्ये, ते तर दिसलंच होतं.

ती म्हणाली, "नको अप्पा. आवाज फार आहे."

आवाज. ही पोरगी पाळण्यात होती तेव्हा भिंतीपलीकडं आठ माग चालत होते. लाइट गेली, माग बंद पडले की ही जागी होऊन रडायची. आणि आता हिला कॉफीच्या मशीनचा आवाज होतो. पण जाऊ दे. म्हणलं, मशीन तिचं आहे, आवाज ऐकायचं कामही तिचंच होतं.

मग मी बिनआवाजाचं मशीन शोधलं. ते पुड्या घालायचं होतं, छोट्या डब्या असतात, घातली की कॉफी तयार. तिला फोनवर दाखवलं. म्हणाली, या डब्या सोलापुरात मिळत नाहीत. मी चौकशी करून मिळतात असं सिद्ध केलं. मग म्हणाली, कचरा लई होतो. ठीक आहे. मग एक दाखवलं, त्यात बिया वरून टाकायच्या, बाकी सगळं तेच करतंय. दळतंय, दाबतंय, धुतंय. म्हणाली, बिघडलं तर इथं कोण दुरुस्त करणार? मी पुण्याचा मेकॅनिक शोधला, त्याला फोन लावला, तो यायला तयार झाला. मग म्हणाली, स्वतः करण्यात मजा असते, हे सगळं तेच करतंय तर आपण काय करायचं? मी म्हणलो, "आपण प्यायचं." तिला पटलं नाही.

मला एव्हाना झोपेत मशीनं दिसायला लागली होती. सकाळी उठलो की चष्मा लावून व्हिडिओ. गिरिजा म्हणायची, "स्थळं बघताना एवढं बघितलं नाही तुम्ही." आणि कट्टा रिकामा. ग्रॅनाइट असा चकाचक, त्याच्यावर काही नाही. येणारा-जाणारा विचारायचा, इथं देवघर करणार का? गिरिजानं एक दिवस त्याच्यावर लसणाची टोपली ठेवली तर मी ती उचलून खाली ठेवली. तिनं परत वर ठेवली. असं आमचं चाललं होतं.

शेवटी मकदूमचा फोन आला. पुण्यात एक कॅफे बंद होतोय, त्यांचं मशीन विकायचंय, असली माल, परदेशी. त्याचा टेम्पो तिकडून रिकामाच येणार होता. मी म्हणलो, "आण." सिद्धूला विचारलं नाही. विचारून बघितलं होतं की इतके दिवस.

वाटेत मोडनिंबवरून मकदूमचा परत फोन. म्हणाला, टेम्पोतून पाणी गळतंय, तुझं मशीन रस्ताभर रडत आलंय. मी म्हणलो, येऊ दे, रडलेलं चालतं. संध्याकाळी ते आलं तेव्हा उतरवायला चार हमाल लागले. दारातून आत जाईना, दाराची एक फळी काढली. आणि कट्ट्याजवळ नेलं तर कट्टा तोकडा. मशीन हातभर लांब. गिरिजा भिंतीला टेकून उभी होती, ती एकच शब्द बोलली. "शिवा शिवा." दोन शब्द झाले.

मी परत बिरुदेवला बोलावलं. कट्टा वाढवला. परत सिमेंट, परत वाळू. मशीन त्याच्यावर चढवलं. पूर्ण लालभडक, वर पितळेचा पक्षी बसवलेला. मला ते पहिल्या मागाइतकं देखणं वाटलं. सिद्धूला हाक मारली. ती आली, मशीनभोवती एक फेरी घातली, पितळेच्या पक्ष्यावरनं बोट फिरवलं.

"अप्पा, आपल्याकडं पाणी किती दिवसांनी येतं?"

"येतं की, चार-पाच दिवसांनी."

"मधल्या दिवसांत बोअरचं. त्यात क्षार किती आहेत, बघा बादलीला पांढरं चढतं. याचा बॉयलर महिन्यात बसेल."

बरोबर होतं. मलाही बॉयलरची माहिती आहे, नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी गोड करायचं यंत्र आणून भिंतीला लावलं. भिंतीला भोकं पाडली तर टाइल फुटली. ती बदलली. सगळं झाल्यावर संध्याकाळी तिला परत बोलावलं, आणि म्हणलं, "हं. आता सांग."

तिनं मशीनकडं बघितलं. मग म्हणाली, "लाल आहे अप्पा."

"म्हणजे?"

"मला लाल रंग नाही आवडत."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "तुझा शाळेचा स्वेटर लाल होता, तुझी सायकल लाल होती," मी म्हणलो. "आवाज नको, कचरा नको, दुरुस्ती नको, क्षार नको. सगळं निस्तरलं मी. आता रंग. उद्या म्हणशील याचं तोंड दक्षिणेला आहे. तुला पाहिजे तरी काय, ते एकदा तोंडानं सांग की. मशीन घ्यायचंय का माझी परीक्षा घ्यायचीय? का खुळ्यासारखा पळवतेस मला?"

तिनं तोंड उघडलं. कट्ट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "सांगते," ती म्हणाली. "नंतर सांगते." आणि जिना चढून वर गेली. जेवायला आली नाही.

"साकु," गिरिजा म्हणाली. म्हणजे पुरे. "किती दमवता पोरीला."

"मी दमवतो? मी?"

"तुम्हीच. विचारा तिला."

"काय विचारू?"

"जे विचारायचंय ते."

मला कळलं ती काय म्हणतेय. मी विचारलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी हमाल बोलावून ते लाल धूड मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं, वर जुनी चादर टाकली. आणि काळ्या रंगाची मशीनं बघायला बसलो.

पुढच्याच आठवड्यात पार्सल आलं. सिद्धूच्या नावाचं, लहानसं खोकं, चपलांचं असतं तेवढं. मी म्हणलो, पुस्तक असंल. ती ते घेऊन स्वयंपाकघरात आली, मला आणि गिरिजाला बसवलं, आणि कट्ट्यावर खोकं उघडलं. आतून एक काळी नळी निघाली. टॉर्च असते तेवढी. आत आणखी काही असेल म्हणून मी खोक्यात हात घालून बघितलं, तर नुसता कागद.

"हे काय?"

"एस्प्रेसो मशीन."

"वायर कुठं आहे याची?"

"वायर नाही. हातानं दाबायचं."

"हातानं?" मी म्हणलो. "माझ्या बापानं हातमाग मोडून पॉवरलूम घातले. कर्ज काढून घातले. आणि त्याची नात हातानं कॉफी काढणार?"

ती हसली नाही. तिनं गरम पाणी ओतलं, तिची बिनचिकोरीची पूड भरली, नळी दोन्ही हातांनी धरली आणि अंगठ्यानं तिच्या बाजूचा छोटा दांडा दाबायला लागली. खालून काळी घट्ट धार कपात पडायला लागली. वरती सोनेरी साय. वास सगळ्या घरात भरला. एवढा खटाटोप मी केला त्यात एकदाही असा वास आला नव्हता. तिनं कप माझ्यापुढं ठेवला. मी घोट घेतला. कडू होतं, पण घट्ट होतं, जिभेवर राहणारं. वाईट नव्हतं, आणि त्यानंच मला जास्त राग आला.

मी ती नळी हातात घेतली. वजनच लागंना. ज्या कट्ट्यावर चार माणसांनी उचललेलं मशीन बसलं होतं, त्याच्यावर हे ठेवलं तर दिसतसुद्धा नव्हतं.

"सिद्धू, घरासाठी एवढंसं कशाला घेतलंस ग?"

तिनं नळी माझ्या हातातून घेतली. मग हळू म्हणाली, "बॅगेत बसतं, अप्पा."

मला लगेच कळलं नाही. दोन घोट गेले. मग कळलं. मी कप खाली ठेवला.

"ऑफिसनं सगळ्यांना परत बोलावलंय," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले. मी मुदत मागून घेतली, मग परत मागून घेतली. आता नाही देत. पुढच्या रविवारी जायचंय."

"म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं."

"पहिल्या दिवशीच. जायच्या आधी एक छोटं घ्यावं, तिकडं न्यावं, एवढंच डोक्यात होतं. तेच सांगत होते तुम्हाला, तर तुम्ही चप्पल घालून गेलात. परत आलात ते गवंडी घेऊन."

"मग तेव्हा सांगायचं."

"कसं सांगणार? तुम्ही फाउंडेशन घालत होता."

मी गिरिजाकडं वळलो. "तुला माहीत होतं?"

"मला कुणी सांगितलं नाही," गिरिजा म्हणाली. "पण रंग आवडत नाही म्हणणारी पोरगी माझी नाही. तेव्हा कळलं."

"मग हा कट्टा मी कुणासाठी बांधला?" माझा आवाज चढला. "दोनदा बांधला. घरभर धूळ खाल्ली, टाइल फोडली, मकदूमचे कपडे गेले. कुणासाठी?"

"तुमच्यासाठी," गिरिजा म्हणाली. "तिनं कुठं मागितला होता?"

रागावून बोलली असती तर मी भांडलो असतो. ती साधं बोलली, जशी मीठ संपलंय म्हणून सांगते तशी. कपात कॉफी गार होत होती.

सिद्धू माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी, माझ्या गुडघ्याला पाठ लावून. म्हणजे तिला माझं तोंड दिसणार नाही आणि मला तिचं दिसणार नाही.

"तुम्ही दाखवाल त्यात मी खोट काढत गेले," ती म्हणाली. "एखादं घेतलं असतं तर ते तुम्ही कट्ट्यावर बसवलं असतं, पूजा केली असती, पेढे वाटले असते. मग मी कुठल्या तोंडानं जाणार होते? आणि जोपर्यंत मशीन ठरत नव्हतं तोपर्यंत मलाही ऑफिसला येते म्हणून कळवायचं जमत नव्हतं. रोज म्हणायचे, हे एवढं होऊ दे, मग कळवू. आवाज बरा होता हो अप्पा त्याचा. लाल रंगपण छान होता."

मी इतके दिवस तिच्या नावानं चडफडत होतो. नखरे करते, डोकं खाते, हिला कशाचीच किंमत नाही, म्हणून मकदूमजवळ बोललो होतो. आणि ती एकेक खोट काढून एकेक आठवडा राहत होती. मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. पण मला ते तसलं काही जमत नाही, कधीच जमलं नाही. मी ती नळी परत हातात घेतली आणि उलटसुलट करत बसलो.

"सिद्धू."

"हं."

"हे परत पाठवता येतं का?"

ती वळली. "आठवड्याच्या आत पाठवता येतं. का?"

"नाही, म्हणलं, घाई करू नको. मशीन आहे ते, एका दिवसात कळत नाही." मी नळी तिच्या हातात दिली. "नीट बघ की जरा. यातपण काहीतरी खोट असंल."

गिरिजानं तोंड खिडकीकडं फिरवलं. सिद्धूनं ते हातात घेतलं, आणि खरोखरच बघितलं. वरचं झाकण फिरवून काढलं. आतली जाळी उजेडाकडं धरून बघितली. दांडा दोन-तीनदा वर-खाली केला, कुठं अडकतोय का ते बघितलं, रबर दाबून बघितलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"नाही अप्पा," ती म्हणाली. "हे चांगलं आहे."